व्यायामाच्या चिठ्ठीवर रस्त्याचे नाव

कळंबोलीत दवाखाना थाटून मला आता पंचवीस वर्षे होत आली. या काळात मी किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील याची मोजदाद नाही. औषध लिहिताना माझा हात चुकत नाही. नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, हे सारे मी काळजीपूर्वक नोंदवतो. व्यायामाची वेळ आली की मात्र खाली एक ओळ खरडून मोकळा होतो, ‘रोज चालणे किंवा सायकल’. ही ओळ किती अपुरी आहे, हे मला एका रुग्णाने शिकवले, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच्या हाडाने मोजली.

हे गृहस्थ लोखंड-पोलाद बाजारातल्या एका वजनकाट्यावर पावत्या लिहिण्याचे काम करतात. वय एकोणपन्नास, वजन शहाऐंशी किलो, मधुमेह सहा वर्षांचा. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणे आणि समोरून सरकणाऱ्या ट्रेलरांचे आकडे लिहिणे, हा त्यांचा दिनक्रम. गुडघे दुखतात म्हणून चालणे जमत नव्हते. मी म्हटले, “अहो, मग सायकल चालवा. गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही आणि साखरही आटोक्यात येते.” सल्ला वैद्यकशास्त्राला धरूनच होता. त्यांनी पुतण्याची बारीक टायरची सायकल घेतली आणि पहाटे सहाला घराजवळच्या मोठ्या रस्त्याने फेऱ्या मारायला सुरुवात केली. अकराव्या दिवशी पोलादाची गुंडाळी लादलेला एक ट्रेलर त्यांना अगदी खेटून पुढे गेला. ते डावीकडे सरकले, बारीक चाक कडेच्या वाळूत रुतले आणि ते खांद्यावर आपटले. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, मोडले. ते उजव्या बाजूला कलंडले असते तर हा लेख मी लिहिला नसता.

आठवड्याने ते हात गळ्यात बांधून दवाखान्यात आले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, सायकल तुम्ही सांगितलीत. पण ती चालवायची कुठे, ते नाही सांगितलंत.” बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

त्यांचा प्रश्न साऱ्या कळंबोलीचा आहे. ज्या वाचकांनी हे गाव फक्त गाडीच्या काचेतून पाहिले असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, शीव–पनवेल महामार्ग इथेच येऊन मिळतो, उरणच्या बंदराकडे जाणारा कंटेनरांचा रस्ता इथूनच फुटतो आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. सिडकोने वसवलेल्या आमच्या वसाहतींत अंतर्गत रस्ते आहेत, पण त्यांच्या दोन्ही कडा उभ्या वाहनांनी भरलेल्या. अवजड वाहनाच्या चालकाला त्याच्या अगदी डाव्या अंगाचा आणि अगदी पुढचा काही भाग दिसतच नाही. सायकलस्वार नेमका तिथेच असतो. चालक कितीही सज्जन असला तरी जे दिसत नाही ते तो टाळणार कसे?

अपघाताखेरीज दुसरी बाब हवेची. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. मध्यम वेगाने सायकल चालवताना हेच प्रमाण चार-पाच पट होते. शिवाय धाप लागली की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि नाकातली गाळणी निकामी ठरते. म्हणजे डिझेलच्या धुरात अर्धा तास सायकल चालवणारा माणूस त्याच रस्त्याकडेला अर्धा तास बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक धूर फुप्फुसात भरून घेतो. ज्याला दमा आहे किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आहे, त्याच्या बाबतीत तर औषध आणि अपाय एकाच पेल्यातून देण्यासारखे हे झाले. हवा कोणती, हाही व्यायामाच्या मात्रेचाच भाग आहे.

तेव्हा चूक दुरुस्त करायची तर रस्ता शोधणे भाग होते. माझे स्वतःचे वय पन्नाशी ओलांडलेले, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि शेवटची सायकल महाविद्यालयात असताना चालवलेली. मुलाची जुनी जाड टायरची सायकल गच्चीवर गंजत पडली होती. ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून दुरुस्त करून घेतली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती गाडीच्या मागे बांधली आणि नवीन पनवेल, सुकापूर असे करत नेरे गाठले. शहर आणि मोठे रस्ते चारचाकीतून पार करायचे आणि सायकल गावापाशी उतरवायची, हे मी जाणीवपूर्वक ठरवले होते. माझ्या वयाच्या नवशिक्याने यात कमीपणा मानू नये.

नेऱ्याच्या पुढे जग बदलते. समोर माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला, उजव्या हाताला प्रबळगडाचा सपाट माथा, आणि त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी या खोऱ्यातून पनवेलच्या खाडीकडे जाते. तिच्यावरचे देहरंगचे धरण, ज्याला लोक गाढेश्वरचे धरण म्हणतात, पनवेलला पाणी पुरवते. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण त्याला जागोजागी वाटा फुटतात. काही वाड्यांकडे जाणाऱ्या, काही भाताच्या खाचरांच्या कडेने नदीकडे उतरणाऱ्या. या वाटांवर मुरूम आहे, खडी आहे, मधोमध गवताची पट्टी आणि दोन बाजूंना चाकोऱ्या आहेत. भात कापून झाला होता, उडव्या रचलेल्या होत्या, आणि अर्ध्या तासात मला समोरून आली ती वाहने तीन, एक दुधाची मोटारसायकल, एक ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी. रस्ता पुढे मालडुंगे, धोदाणी अशा गावांकडे जातो. धोदाणीहून माथेरानला चढणारी पायवाट आजही वापरात आहे. मी त्या दिवशी धरणाच्या अलीकडूनच परतलो. सारे मिळून बारा किलोमीटर झाले असतील. पाय भरून आले होते, पण पाठीमागून भोंगा वाजेल या भीतीने आखडणारी मान त्या सकाळी एकदाही आखडली नव्हती.

अशा कच्च्या वाटांवर चालणाऱ्या सायकलीला हल्ली बाजारात ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात. वाकडी मूठ, रुंद टायर, हलका सांगाडा आणि किंमत छातीत धडकी भरवणारी. ती घ्यावीच लागते असा समज करून घेऊ नका. या सायकलीचे मर्म तिच्या टायरात आहे. टायर रुंद असला की त्यात हवा कमी दाबाने भरता येते. मऊ टायर खड्यावर आदळून उसळण्याऐवजी खड्याभोवती दबतो, त्यामुळे हादरा मनगटापर्यंत आणि कण्यापर्यंत पोचण्याआधीच बराचसा जिरतो, आणि चाक मुरमात रुतत नाही. रस्त्याच्या शर्यतीच्या सायकलीत ऐंशी-शंभर पौंड दाब भरतात. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरात, स्वाराच्या वजनानुसार, तीस ते पंचेचाळीस पौंड पुरतात. टायरच्या बाजूवर कंपनीने छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये आणि तिच्याखालीही जाऊ नये.

गंमत अशी की हवा भरलेला टायर प्रचारात आणला तो एका डॉक्टरनेच, मात्र जनावरांच्या. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या आजोबांची, पोस्टमनची, दूधवाल्याची ती काळी उभी सायकल आठवून पाहा. तिचा टायर दीड इंची, म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटर. आजच्या महागड्या ग्रॅव्हल बाईकचा टायरही साधारण तेवढाच. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले कितीतरी रस्ते कच्चेच होते. कच्चा रस्ता हा सायकलीचा जुना सोबती आहे.

इंग्लंडमध्ये या जुन्या नात्याची लोकांनी जपणूक केलेली दिसते. तिथे शेतांमधून आणि टेकड्यांवरून जाणाऱ्या घोडेवाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात. १९६८ च्या कायद्याने त्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला. अट एवढीच की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. २०२० मध्ये तिथल्या सायकलस्वारांच्या एका राष्ट्रीय संस्थेने विंचेस्टर गावाहून निघून तिथेच परतणारा, अशा वाटा जोडत जाणारा सुमारे ३५० किलोमीटरचा एक वळसा आखून दिला आणि त्याला आल्फ्रेड राजाचे नाव दिले. हे वाचून हेवा वाटतो, पण आपल्याकडेही काही नाही असे नाही. आपल्या प्रत्येक गावाच्या नकाशावर गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र योजनाही मंजूर केली. ती शेतकऱ्यांसाठी आहे आणि तसेच असायला हवे. पण चांगल्या मुरमी वाटेवरून सकाळी बैलगाडी जाईल, दुपारी शाळेतली पोरे जातील आणि रविवारी मधुमेहाचा एखादा रुग्णही जाईल. पनवेल तालुक्यातली बरीच गावे आता विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात येतात. तिथे भूखंड पडत आहेत, कुंपणे उभी राहत आहेत. नकाशावरची ती तुटक रेषा कुंपणाआड जाण्यापूर्वी तिची आठवण ग्रामसभेत कोणीतरी करून द्यावी, असे मला एक डॉक्टर म्हणून वाटते.

आता प्रकृतीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. मध्यम श्रम ओळखायचे कसे? सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. गाता आले तर श्रम कमी, बोलताही आले नाही तर जास्त. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशी गोळी घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळातला नाडीचा आकडा प्रमाण न मानता ही बोलण्याची कसोटी वापरावी. मुरमाच्या वाटेचा एक फायदा इथे ध्यानात येतो. तिथे चाकाला विरोध जास्त असल्याने ताशी दहा-बारा किलोमीटरलाच हृदयाला पुरेसे काम मिळते. श्रम तेवढेच, वेग कमी. आणि वेग कमी म्हणजे पडलो तरी इजा बहुधा हलकी.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. एका डॉक्टरला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण माझ्या दवाखान्यातल्या मंडळींना मी सांगतो, आपली शर्यत नाही. पहिला महिना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, तेही सपाटीवर. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. चढ आला आणि बोलणे तुटू लागले की खाली उतरून सायकल हाताने ढकलावी. यात लाज नाही, उलट लाभ आहे. सायकलीवर बसल्याने हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे नुसत्या सायकलीने हाडे बळकट होत नाहीत. चढावर सायकल ढकलत चालणे ती उणीव थोडी भरून काढते. पाळी गेलेल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

काहींनी आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब १८०/११० च्या पलीकडे असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अकारण घाम किंवा चक्कर येत असेल तर सायकलीला हात लावण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. सायकलीवर असताना असे झाले तर तिथेच थांबून, बसून, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ‘घरी जाऊन बघू’ हा विचार अनेकांना महागात पडला आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजावी. ती शंभराच्या खाली असेल तर आधी काही खावे आणि खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे सोबत्यालाही ठाऊक असावीत. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी चप्पल घालून सायकल चालवू नये. बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे निरखून पाहावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे. आणि शिरस्त्राण सर्वांनीच घालावे, नातवानेही आणि आजोबांनीही.

सवय नसताना सुरुवात केली की तीन तक्रारी हमखास येतात. पहिली, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या. तळहाताच्या टाचेजवळून जाणारी नस मुठीवर दाबली जाते आणि कच्च्या रस्त्याच्या कंपनांनी चेपली जाते. हाताची पकड सतत बदलावी, मूठ थोडी उंच करावी, टायरातली हवा बेताची ठेवावी, जाड गादीचे हातमोजे घालावेत. दुसरी, गुडघ्याच्या वाटीपुढे दुखणे. बहुतेक वेळा बैठक खाली असते म्हणून. बैठकीवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा, ही घरच्या घरी उंची जमवण्याची सोपी रीत. तिसरी तक्रार पुरुष रुग्ण सांगायला संकोचतात, ती म्हणजे जांघेच्या मध्यभागी बधिरपणा. बैठकीचे टोक वर उचललेले असेल तर ते सपाट करावे आणि दर दहा मिनिटांनी क्षणभर उभे राहून पॅडल मारावे. बधिरपणा एक-दोन दिवसांत गेला नाही तर दाखवावे.

ऋतूचेही भान हवे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या भागातला उत्तम काळ. मार्चपासून सकाळी नऊच्या आत घरी परतावे. ऑक्टोबरचे ऊनही फसवे असते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट प्यावे, आणि तासाहून अधिक वेळ घामाघूम होणार असाल तर त्यात जलसंजीवनीची पुडी मिसळावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर आपल्या डॉक्टरांचे प्रमाण पाळावे. उन्हाळ्यात मुरमाची धूळ उडते. दम्याच्या रुग्णांनी ओढायचे औषध खिशात ठेवावे आणि पुढच्या सायकलीच्या धुळीत न राहता अंतर ठेवावे.

पावसाळ्यात हे खोरे हिरवेगार होते आणि धोकादायकही. गाढी अचानक फुगते. धरण आणि ओढ्यांच्या परिसरात पोलीस मनाई आदेश काढतात, त्यामागे दरवर्षीच्या बुडण्याच्या घटना आहेत. ते आदेश पाळावेत. पायाला जखम असताना चिखलपाण्यातून जाऊ नये, लेप्टोचे जंतू अशा जखमेतूनच शिरतात. पावसात भिजल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या तर डॉक्टरांना ‘मी चिखलातून गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे. खरचटल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी, मुरमाचे कण आत राहू देऊ नयेत. मळलेल्या जखमेसाठी, धनुर्वाताची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी. कुत्रा चावल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नये. उतरून सायकल मध्ये धरावी आणि शांत उभे राहावे. गवतात घोणस आणि फुरसे असतात. दंश झालाच तर बांधू नये, कापू नये, चोखू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला वाहनाने थेट रुग्णालयात न्यावे. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. एकट्याने जाऊ नये, आणि कुठे चाललो ते घरी सांगून निघावे.

थोडे रीतिरिवाजाविषयी. या वाटा ज्यांच्या दारातून जातात ते ठाकूर आणि कातकरी समाजाचे लोक, आणि शेतकरी, आपल्या सहलीची मांडणी नव्हेत. उभ्या पिकाच्या बांधावर सायकल घालू नये. गुरे आली की थांबून त्यांना वाट द्यावी. वाडीतून जाताना उतरून चालावे, राम राम करावा. प्लॅस्टिकची बाटली आणली तशी परत न्यावी. सराव झाल्यावर शेडुंग फाट्यावरून प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीकडे जाता येईल, मात्र फाट्यापर्यंत वाहनाने. खारघरच्या टेकडीवरची फणसवाडी, चाफेवाडीकडची चढण मात्र दमदार लोकांसाठी आहे. तिथे चढण्यापेक्षा उतरताना ब्रेकची परीक्षा होते.

आमच्या वजनकाट्यावरच्या गृहस्थांचे हाड सहा आठवड्यांत जुळले. मन जुळायला अधिक वेळ लागला. सायकलीचे नाव काढले की त्यांच्या पत्नीचा चेहरा उतरे. मी त्यांना म्हटले, “वहिनी, एकदा तुम्हीही चला. रस्ता बघा आणि मग ठरवा.” जानेवारीतल्या एका रविवारी त्यांच्या मेहुण्याच्या टेम्पोत तीन सायकली घालून आम्ही नेऱ्याला उतरलो. वहिनी टेम्पोत बसूनच पाठोपाठ येणार होत्या. दोन किलोमीटरवर त्यांनी टेम्पो थांबवला आणि मेहुण्याला सायकलीवरून उतरवले. लहानपणी माहेरी, सातारा जिल्ह्यात, त्या शाळेला सायकलीने जात असत, हे त्यांच्या यजमानांनाही ठाऊक नव्हते.

आता ही मंडळी दर रविवारी जातात. आठवड्यात इतर दोन दिवस वसाहतीतल्या मैदानाभोवती फेऱ्या मारतात. आठ महिन्यांत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.६ वरून ७.४ वर आला, वजन पाच किलोंनी उतरले. औषधे चालूच होती आणि जेवणातही बदल झाला होता, त्यामुळे सारे श्रेय सायकलीचे असे मी म्हणणार नाही. गुडघे मात्र खरोखरच कमी दुखतात, असे ते सांगतात.

माझी चिठ्ठीही आता बदलली आहे. औषधांच्या खाली मी चार गोष्टी लिहितो. किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, कोणाबरोबर आणि कोणत्या रस्त्याने. चौथी ओळ रुग्णाला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याचे घर कुठे, कामाची वेळ कोणती, जवळ मोकळी वाट आहे का, हे बोलून घ्यावे लागते. त्यात पाच मिनिटे जादा जातात आणि बाहेर बसलेली मंडळी कुरकुरतात. वाचकहो, तुमचे गाव कळंबोली नसेल, पण तुमच्याही गावाबाहेर कुठेतरी डांबर संपून मुरूम सुरू होत असेल. येत्या रविवारी ती जागा शोधून ठेवा, आणि तुमच्या डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली की त्यांच्याकडून चिठ्ठीवर त्या रस्त्याचे नाव लिहून घ्या.